हेतू शुद्ध, परिणाम घातक: दोष कुणाचा?



वाईट हेतूने केलेल्या कृत्याला वाईट म्हणायला फारसा विचार करावा लागत नाही. कुणी विहिरीत विष कालवले, तर तो गुन्हा आहे हे गावातले लहान पोरही सांगेल. पण एखाद्याने दयाबुद्धीने, कायद्याच्या चौकटीत राहून, जाणकाराच्या सल्ल्याने एक काम केले आणि त्यातून असा अनर्थ घडला की तो भरून यायला पिढ्या लागाव्यात, तर? तिथे दोष कुणाला द्यायचा? की 'हेतू चांगला होता' एवढे म्हणून आपण सगळे मोकळे?

हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञानाच्या वर्गात चघळण्याचा नाही. आपल्या देशात, आपल्या हयातीत तो प्रत्यक्ष उभा राहिला आणि अजून पुरता सुटलेला नाही. त्याच्या केंद्रस्थानी आहे एक पक्षी, ज्याचे नाव आपण शिवी म्हणून वापरतो: गिधाड.

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल, गावाबाहेर ढोरे टाकण्याच्या जागेवर गिधाडांचे थवे उतरत. मेलेला बैल पाहता पाहता साफ होई, मागे राहत ती फक्त हाडे. १९८० च्या दशकाच्या आरंभी भारतात सुमारे चार कोटी गिधाडे असावीत असा अंदाज आहे. त्यानंतर ती नाहीशी होऊ लागली. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश यांच्या हे प्रथम नीट ध्यानात आले. जी झाडे घरट्यांनी भरलेली असत ती ओस पडू लागली होती. पक्षी मान खाली टाकून फांदीवर बसून राहत आणि मग तिथूनच खाली कोसळत. पुढे देशभर केलेल्या पाहण्यांचा निष्कर्ष सुन्न करणारा होता. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली, म्हणजे हजारांत एक उरले. भारतीय गिधाड आणि सडपातळ चोचीचे गिधाड या दोन जातीही मिळून जवळजवळ ९७ टक्क्यांनी घटल्या.

आरंभी सगळ्यांना वाटले की एखाद्या विषाणूची साथ असावी. शोध लागला तो पाकिस्तानातील पंजाबात. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी मेलेल्या गिधाडांची चिरफाड करीत तेव्हा आतील अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर आढळे. पक्ष्यांच्या शरीरातील टाकाऊ नत्र युरिक आम्लाच्या रूपाने बाहेर पडते. मूत्रपिंडे निकामी झाली की ते आम्ल रक्तात साठते आणि त्याचे स्फटिक काळजावर, यकृतावर, आतड्यांवर जमतात. पण मूत्रपिंडे निकामी का होत होती? विषाणू सापडला नाही, जड धातू सापडले नाहीत, कीटकनाशकेही नाहीत. तेव्हा या संशोधकांनी एक साधा प्रश्न विचारला: ही गिधाडे खातात काय? मेलेली गुरे. आणि त्या गुरांच्या अंगात अलीकडे नवीन असे काय जाते? त्यांनी गुरांच्या डॉक्टरांकडे आणि औषधांच्या दुकानांत चौकशी केली. उत्तर मिळाले: डायक्लोफेनॅक.

हे नाव आपल्यालाही अनोळखी नाही. गुडघेदुखी, कंबरदुखी, दात काढल्यानंतरची वेदना यांवर डॉक्टर जे औषध देतात, तेच हे. १९९० च्या दशकात ते गुरांसाठीही स्वस्तात मिळू लागले. बैल लंगडू लागला, गाईच्या कासेला सूज आली, म्हातारे जनावर उठेना, की एक इंजेक्शन. जनावराला आराम पडे. औषध दिल्यानंतर काही दिवसांत ते त्याच्या शरीरातून निघूनही जाई. पण त्या मोजक्या दिवसांत जनावर दगावले आणि त्याचे कलेवर उघड्यावर पडले, तर ते गिधाडांच्या पंगतीत विष वाढल्यासारखे होई. ओक्स यांच्या चमूने २००४ साली 'नेचर' या नियतकालिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मूत्रपिंडे निकामी होऊन मेलेल्या ज्या २५ गिधाडांची त्यांनी तपासणी केली त्या पंचवीसही गिधाडांच्या शरीरात हे औषध सापडले. इतर कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांपैकी एकाच्याही शरीरात ते नव्हते.

इथे क्षणभर थांबू या. पर्यावरणाच्या विषारी प्रदूषणाविषयी बोलताना आपल्या डोळ्यांसमोर येतात कारखान्यांच्या चिमण्या, रंगीत सांडपाणी सोडणारे नाले, शेतावर फवारली जाणारी कीटकनाशके. डीडीटीचे उदाहरण प्रसिद्धच आहे. त्याच्यामुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली की उबवताना ती आईच्याच वजनाने फुटत. रेचल कार्सन यांनी १९६२ साली आपल्या पुस्तकातून या कीटकनाशकांच्या धोक्याकडे जगाचे लक्ष वेधले. पण डीडीटी निदान मारण्यासाठीच बनवलेले होते; ते किड्यांना मारायला निघाले आणि वाटेत पक्ष्यांनाही घेऊन गेले. डायक्लोफेनॅकची गोष्ट वेगळी आहे. ते कुणालाच मारण्यासाठी बनवलेले नव्हते. ते दुःख हलके करण्यासाठी होते. ज्या शेतकऱ्याने पदराला खार लावून आपल्या म्हाताऱ्या बैलाला ते टोचून घेतले, त्याने मुक्या जनावरावर दया केली. आपल्या संस्कारांप्रमाणे ते पुण्याचे काम. आणि नेमक्या त्याच दयेने आकाश रिकामे केले.

आणखी एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. कलेवरांपैकी किती टक्के विषारी असली म्हणजे गिधाडांची संख्या एवढ्या वेगाने घटेल, याचे गणित संशोधकांनी २००४ मध्ये मांडले. उत्तर निघाले, हजारातील आठांपेक्षाही कमी. कदाचित हजारात एक किंवा दोन. कारण गिधाडे एकेकटी जेवत नाहीत. एका बैलावर कित्येक डझन गिधाडे उतरतात, आणि एकच पान विषारी असले तरी सारी पंगत मरते. शिवाय हा पक्षी वर्षाला एकच अंडे घालतो आणि पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात. एवढी मोठी तूट तो भरून काढणार कधी? थोडक्यात, हजारांपैकी नऊशे नव्वदांहून अधिक शेतकऱ्यांच्या जनावरांमुळे एकाही गिधाडाचे नुकसान झाले नाही. आणि ज्यांच्यामुळे झाले त्यांना ते कधी कळलेही नाही. या संहाराला कर्ता आहे असे बोट दाखवून म्हणता येत नाही. तरीही संहार झाला.

त्याचे परिणाम माणसापर्यंत पोहोचले. गिधाडाच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की सडलेल्या मांसातील घातक जंतूही त्यात नष्ट होतात. गिधाडे गेली, कलेवरे कुजत पडू लागली, त्यांवर भटकी कुत्री पोसली गेली, पाणी दूषित झाले. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा अंदाज मांडला की पूर्वी जिथे गिधाडे भरपूर होती, त्या जिल्ह्यांत ती गेल्यानंतर मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला आणि २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले. मुंबईत मलबार हिलवरील डुंगरवाडीत आपल्या मृतांना गिधाडांच्या स्वाधीन करणाऱ्या पारशी बांधवांची शतकानुशतकांची रीतच अडचणीत आली. तिथे सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. बैलाच्या पायाला टोचलेली सुई किती दूरवर टोचली, पाहा!

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दोष कुणाचा?

नीतिशास्त्रात याविषयी जुना आणि बारकाईचा विचार झालेला आहे. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी माणसाच्या अज्ञानाचे प्रकार केले. एक अज्ञान असे असते की ते दूर करणे त्या माणसाच्या हातातच नसते. कितीही प्रयत्न केले तरी त्याला ते कळले नसते. अशा अज्ञानापोटी झालेल्या कृत्याचा दोष त्याच्यावर येत नाही. दुसरे अज्ञान असे की चौकशी केली असती तर दूर झाले असते, आणि चौकशी करणे त्याचे कर्तव्यही होते. पण त्याने आळस केला, कंटाळा केला. इथे अज्ञान हाच दोष. तिसरे अज्ञान सर्वांत वाईट: मुद्दाम जोपासलेले. कळले तर वागणे बदलावे लागेल म्हणून माणूस कळूनच घेत नाही. आपल्या मराठीत याला डोळ्यांवर कातडे ओढून घेणे म्हणतात. असे अज्ञान दोष कमी करत नाही, उलट वाढवते.

या कसोटीवर १९९५ सालचा शेतकरी निर्दोष ठरतो. त्याला ठाऊक नव्हते आणि ठाऊक होण्याचा मार्गही नव्हता. ज्या गोष्टीचा शोध लावायला नावाजलेल्या शास्त्रज्ञांना वर्षे लागली, ती त्याने ओळखायला हवी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या दयेचे मूल्य त्या परिणामामुळे कमी होत नाही. पण २००४ साल उजाडले आणि चित्र बदलले. आता कळले होते. कळण्यात एक गंमत आहे आणि एक ओझेही आहे: एकदा कळलेली गोष्ट न कळलेली करता येत नाही. कालपर्यंत जी कृती निष्पाप होती तीच आज, तशीच, त्याच हातांनी केली तरी वेगळी होते. सुई तीच, औषध तेच, बैल तोच. बदलले आहे ते फक्त करणाऱ्याचे ज्ञान. आणि नीतीच्या दृष्टीने तेवढे पुरेसे आहे.

मग पुढे काय झाले? आधी चांगले सांगतो. २००६ साली भारताने गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या उत्पादनावर बंदी आणली. नेपाळ आणि पाकिस्ताननेही त्याच वर्षी पाऊल उचलले. त्याच साली मेलॉक्सिकॅम हे दुसरे वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित असल्याचे सिद्ध झाले. हरियाणात पिंजोर येथे गिधाडांचे प्रजनन केंद्र चालू आहे. जानेवारी २०२४ मध्ये तेथून काही गिधाडे आपल्या महाराष्ट्रात पेंच आणि ताडोबाच्या जंगलांत आणण्यात आली. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या परिसरात पांढऱ्या पाठीची गिधाडे अजून घरटी करतात. माणसाने मनावर घेतले तर तो चूक दुरुस्त करू शकतो, याची ही साक्ष आहे.

पण सगळेच काही चांगले झाले नाही. बंदी गुरांच्या औषधावर होती, माणसांच्या औषधावर नव्हती. माणसाला एका वेळी ३ मिलिलिटरचे इंजेक्शन पुरते. तरीही बाजारात ३० मिलिलिटरच्या मोठ्या कुप्या 'माणसांसाठी' म्हणून विकल्या जात राहिल्या आणि गोठ्यांत पोहोचत राहिल्या. एवढी मोठी कुपी कुठल्या रुग्णाला लागते, हा प्रश्न बनवणाऱ्याला पडला नाही, विकणाऱ्याला पडला नाही, टोचणाऱ्याला पडला नाही. की पडला आणि त्यांनी तो बाजूला सारला? शेवटी २०१५ साली सरकारने अशा कुप्यांवर ३ मिलिलिटरची मर्यादा घातली. त्याविरुद्ध औषध कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २०१७ साली मद्रास उच्च न्यायालयाने ती मर्यादा कायम ठेवली. संत थॉमस यांचे तिसऱ्या प्रकारचे अज्ञान पुस्तकात शोधण्याची गरज नाही. ते औषधाच्या दुकानातील फळीवर मांडून ठेवलेले होते.

इथे कुणी म्हणेल, "फादर, साखळीत एवढी माणसे आहेत. एकट्या दुकानदाराने काय करावे? एका डॉक्टरने काय करावे?" हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे, कारण तो आपण सगळेच वापरतो. जबाबदारी दहा जणांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला दहावा हिस्सा येतो, असे आपल्याला वाटते. पैशाचे तसे होते, दोषाचे होत नाही. दहा जणांनी मिळून दगड ढकलला आणि खाली माणूस चिरडला, तर कुणी दशांश खून केला असे होत नाही. ज्याला ठाऊक होते आणि ज्याला थांबता येत होते, त्या प्रत्येकाचा दोष पुरा असतो. आपण मिस्सेच्या आरंभी पापांची कबुली देतो, तेव्हा केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचाही उल्लेख करतो. न विचारलेला प्रश्न हेही एक न केलेले कर्तव्यच असते.

मात्र एका बाबतीत सावध राहायला हवे. अशा चर्चेत सगळ्यांत शेवटच्या, सगळ्यांत गरीब माणसाला दोषी ठरवणे सोपे असते. ज्याच्या दावणीला दोनच बैल आहेत, त्याला स्वस्तातले औषध सोडून महागातले घ्या असे शहरात बसून सांगणे सोपे आहे. माझ्या मते जाणून घेण्याचे कर्तव्य सगळ्यांवर सारखे नसते. ज्याच्या हातात जितकी शक्ती, त्याच्यावर जाणून घेण्याची जबाबदारी तितकी मोठी. शेतकऱ्याच्या हातात एक सुई असते. कंपनीच्या हातात लाखो कुप्या असतात, प्रयोगशाळा असते, पैसा असतो. शासनाच्या हातात परवाना देण्याचा शिक्का असतो. 'आम्हाला माहीत नव्हते' हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडी सत्य असतील. पण ज्याचा धंदाच माहिती असण्यावर चालतो, त्याच्या तोंडी ते शोभत नाहीत.

आणि इथेच या प्रकरणातील खरी दुखरी जागा आहे. डायक्लोफेनॅकवर बंदी आली, पण त्याच जातकुळीतील इतर औषधे गुरांना दिली जातच राहिली. कीटोप्रोफेन गिधाडांना घातक आहे हे पुढे सिद्ध झाले. असिक्लोफेनॅक तर जनावराच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकमध्येच बदलते. या दोन्हींवर भारतात बंदी आली ती २०२३ साली. निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस. म्हणजे पहिल्या धड्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी! युरोपातही काही वेगळे घडले नाही. भारतातील सगळी शोकांतिका जगजाहीर असताना स्पेनने २०१३ साली गुरांसाठी डायक्लोफेनॅकला परवानगी दिली. २०२० साली तिथल्या काटालोनिया प्रांतात एक काळे गिधाड मृतावस्थेत आढळले आणि त्याच्या शरीरात हे औषध सापडले. म्हणजे शिकलेले, श्रीमंत, नियम पाळणारे समाजही डोळ्यांवर कातडे ओढतात.

प्रत्येक वेळी क्रम तोच: आधी औषध बाजारात, मग पक्षी जमिनीवर, मग संशोधन, मग वाद, मग बंदी. पुरावा देण्याचे ओझे नेहमी मेलेल्यांवर. गिधाडाने आधी मरायचे आणि मग ते औषधाने मेले हे सिद्ध व्हायचे. हा क्रम उलटा करता येणार नाही का? ज्याला नवे रसायन विकायचे आहे त्याने आधी दाखवून द्यावे की ते गुराच्या अंगातून पुढे कुठे जाते, कोण ते खाते आणि त्याचे काय होते. यामुळे चांगली औषधे उशिरा येतील, किंमत वाढेल, हा आक्षेप खोटा नाही. दुखणाऱ्या जनावराच्या दृष्टीने उशीर हीसुद्धा एक क्रूरता आहे. तरीही १९९० च्या दशकातील घाईची किंमत आणि थोड्या उशिराची किंमत तराजूच्या दोन पारड्यांत घालून पाहा. मेलॉक्सिकॅमने दाखवून दिले की बैलाची वेदना आणि गिधाडाचा जीव यांत निवड करण्याची वेळ मुळात यायलाच नको होती. शोधले असते तर दोन्ही वाचवणारा रस्ता होता. न शोधल्यामुळे तो दिसला नाही.

आता शेवटचा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत खोल. समजा, गिधाडे गेल्याने एकाही माणसाचे काही बिघडले नसते. कुत्री वाढली नसती, रोगराई पसरली नसती, कुणाच्या अंत्यविधीत अडचण आली नसती. तरीही काही वाईट झाले असते का?

पुष्कळ जण प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतील. निसर्ग वाचवा असे सांगताना आपण बहुधा माणसाच्या फायद्याचीच कारणे देतो, कारण तीच लोकांना पटतात. ती कारणे खरी आहेत, मीही वर दिली. पण तेवढ्यावर भिस्त ठेवली तर एक धोका आहे. उद्या गिधाडाचे काम करणारे यंत्र निघाले की गिधाडाची गरज संपली! आपण मोर वाचवू, कारण तो सुंदर आहे. वाघ वाचवू, कारण तो रुबाबदार आहे. पण टक्कल पडलेल्या मानेचा, मढ्यावर बसणारा, दुर्गंधीत जगणारा हा पक्षी कुणासाठी वाचवायचा?

जुन्या करारातील लेवीय ग्रंथात जे पक्षी खाऊ नयेत म्हणून सांगितले आहेत त्यांत गिधाडाचे नाव आहे. पण खाऊ नये याचा अर्थ जगू नये असा होत नाही. नोहाच्या तारवात शुद्ध प्राण्यांबरोबर अशुद्ध मानलेल्या प्राण्यांनाही जागा होती. आपल्या हिंदू बांधवांच्या रामकथेत सीतेसाठी प्राण पणाला लावणारा जटायू गिधाडच होता, आणि नाशिक जिल्ह्यात टाकेद येथे त्याचे स्थान आजही मानले जाते. संत थॉमस म्हणतात की ईश्वराचा चांगुलपणा इतका मोठा आहे की एका कुठल्या प्राणिमात्रातून तो पुरा व्यक्त होऊ शकत नाही, म्हणून सृष्टीत एवढी विविधता आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हाच विचार पुढे नेला आणि प्राण्यांच्या जातींकडे केवळ उपयोगाची साधने म्हणून पाहू नये, त्यांना स्वतःचे मूल्य आहे, असे बजावले. हे मान्य केले तर कुरूप प्राणी हीच आपल्या नीतीची खरी परीक्षा ठरते. सुंदर गोष्टीवर प्रेम करायला सद्गुण लागत नाही, डोळे पुरतात.

भाविकांनो, आपल्यापैकी ज्यांच्याकडे गुरे आहेत त्यांनी पुढच्या वेळी डॉक्टरला नाव घेऊन विचारावे, हे इंजेक्शन कोणते? मेलॉक्सिकॅम देता येईल का? औषध दिलेले जनावर थोड्याच दिवसांत दगावले तर ते उघड्यावर टाकू नये, खोल पुरावे. ज्यांच्याकडे गुरे नाहीत त्यांनी आपण सुटलो असे समजू नये. घरातील उंदरांचे औषध खाऊन सुस्तावलेला उंदीर घुबड उचलून नेते आणि तेही मरते. वाडीतील भाजीवर फवारलेले, मोरीत ओतलेले, कचऱ्यात फेकलेले औषध आपल्या नजरेआड होते, म्हणजे संपत नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी ताटात जाते. प्रत्येक गोष्टीचा तपास लावणे कुणालाच शक्य नाही हे मला मान्य आहे. पण हातातली बाटली रिकामी करण्यापूर्वी 'हे इथून पुढे कुठे जाईल?' एवढे विचारणे प्रत्येकाला शक्य आहे.

तेव्हा दोष कुणाचा? ज्याला कळणे शक्यच नव्हते त्याचा नाही. ज्याला विचारता येत होते आणि ज्याने विचारले नाही त्याचा आहे. कळूनही ज्याने तेच चालू ठेवले त्याचा अधिक आहे. शुद्ध हेतू ही नीतीची सुरुवात आहे. दयेने आपले डोळे उघडे ठेवणे हा तिचा पुढचा भाग आहे, आणि तो पहिल्याइतकाच आवश्यक आहे. आज या देशात गिधाडे थोडी उरली आहेत, पण उरली आहेत. त्यांच्या बाबतीत 'आम्हाला माहीत नव्हते' असे म्हणण्याची सोय मात्र आता कुणालाच उरलेली नाही.

आपला,
प्रमुख धर्मगुरू